बाटलीतलं अरिष्ट

मी कुणाचं नाव घेणार नाही. आपल्याला काय करायचंय? पण शेजारची बाई, वय सत्तरीच्या पुढचं, जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला, चर्चमधली फुलं सजवणारी, कुत्र्यालासुद्धा ‘प्लीज’ म्हणणारी. अशी बाई एप्रिलातल्या एका सकाळी कालव्याच्या काठी, भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे कोपरापर्यंत चढवून, हातात कात्री घेऊन, झुडपात कमरेपर्यंत शिरलेली दिसली, तर माणसानं काय समजायचं? मी म्हटलं, घरात ससे पाळले असतील. तसं विचारलंसुद्धा. तर बाई सरळ उभी राहिली, केसात अडकलेलं पान काढलं आणि इतक्या शांतपणे म्हणाली, जशी मी कोथिंबिरीची जुडी न्यायला आल्यावर म्हणते: “नाही गं, बिअरसाठी.”

ऐकलंत? बिअरसाठी! आणि पाला कसला, तर नेटलचा. शिव शिव शिव.

नेटल म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत. मी यॉर्कशरच्या या कॅल्डर खोऱ्यात राहायला आले त्या पहिल्याच वसंतात, पुदिन्यासारखं काहीतरी दिसतंय म्हणून हौसेनं हात घातला होता. पुढचे दोन तास मी आणि माझा हात. आपल्याकडच्या खाजकुयलीची आठवण झाली, पण खाजकुयली पडली शेंगांच्या कुळातली. हिचं कूळ वेगळं, फक्त स्वभाव जुळतो. हिच्या पानांवर, देठांवर बारीक पोकळ केस असतात. केसाचं टोक सिलिकाचं, म्हणजे काचेच्याच जातीचं. नुसता स्पर्श झाला की टोक मोडतं आणि उरलेली सुई कातडीत शिरून आत हिस्टामिन, ॲसिटिलकोलिन, सेरोटोनिन असं काय काय सोडते. डॉक्टरांच्या इंजेक्शनची अख्खी पेटी त्या रानटी झाडानं पानावर मांडलेली. डॉक नावाची रुंद पानं जवळपासच उगवलेली असतात, ती चोळायची म्हणतात. इथलं प्रत्येक पोर ते सांगतं. मी चोळून बघितली. हात हिरवा झाला, आग तेवढीच राहिली.

तर हे झाड. हे खुडायचं, घरी न्यायचं, उकळायचं, आंबवायचं आणि प्यायचं. आणि हे एकट्या आमच्या शेजारणीचं वेड नाही हो! वसंत आला की या खोऱ्यात जो तो पिशवी घेऊन बांधाबांधाने फिरत असतो. त्यात बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, योगाचे वर्ग घेणारी तरुणी, दाढीला गाठ मारलेला एक मुलगा. रविवारी पैसे भरून लोक ‘फोरेजिंग’च्या फेऱ्यांना जातात, म्हणजे फी देऊन फुकटचा पाला कुठे मिळतो ते बघतात. आपल्याकडे आदिवासी बाई टोपलीत टाकळा-कुर्डू घेऊन दारात आली, तर आपण तिच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. इथे टोपली यांची, चिखल यांचा आणि वर फीसुद्धा यांचीच!

म्हटलं, एकदा बघून तरी येऊ प्रकार काय आहे. मी फक्त बघायला गेले होते, हे आधीच सांगून ठेवते.

शेजारणीच्या स्वयंपाकघरात मोठं पातेलं चढवलेलं. वास म्हणाल तर पालक आणि पावसात भिजलेलं गवत एकत्र शिजत ठेवल्यासारखा. नेटलचे शेंडे घ्यायचे एक किलोच्या आसपास, फक्त वरची चार-सहा पानं, कोवळी. फुलोरा येण्याआधीची, बरं का. फुलं आली की पानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे तयार होतात, मग ती कचकच लागतात आणि मूत्रपिंडालाही बरी नव्हेत म्हणे. ती पानं चार-पाच लिटर पाण्यात पंधराएक मिनिटं उकळायची. उकळी लागली की डंख संपला. ते काचेचे केस बिचारे लुळे पडतात. मग गाळून त्यात अर्धा किलो साखर, दोन लिंबं, थोडं आलं आणि थोडी क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे द्राक्षाच्या दारूच्या पिंपात तळाशी जमते ती आंबट पूड, केकवाल्यांच्या फळीवर असते ती. कोमट झालं की यीस्ट. चार-पाच दिवस बादली झाकून ठेवायची आणि मग बाटल्या भरायच्या. संपलं.

“धुऊन घेतलीत ना पानं?” मी विचारलं. त्या कालव्याच्या वाटेनं सकाळ-संध्याकाळ किती कुत्री फिरायला जातात ते मी माझ्या खिडकीतून रोज मोजते. बाईनं माझ्याकडे भूगोलाच्या पहिल्याच तासाला नकाशा उलटा धरणाऱ्या मुलाकडे बघतात तसं बघितलं. म्हणाली, पहिला नियमच तो: कुत्र्याच्या उंचीच्या वरचंच खुडायचं.

आणि ती बादली ठेवली कुठे विचारा. गरम पाण्याच्या टाकीचं जे कपाट असतं ना इथल्या जुन्या घरांत, ऊबदार, जिथे चादरी आणि टॉवेल वाळत घालतात, तिथे! इस्त्रीच्या चादरींच्या मांडीला मांडी लावून दारूची बादली. वर स्वच्छ फडकं, आत बुडबुड बुडबुड. पाहुण्यांचे टॉवेल घ्यायला हात घालावा आणि आतून कुणीतरी ढेकर द्यावा.

घरी येऊन मी हे सगळं आमच्या ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “मग बिअर नाहीच ती. बिअरला जव लागतात, हॉप्स लागतात.” नवरा कधी नव्हे ते बरोबर बोलला. जर्मनीत बव्हेरियाच्या ड्यूकनं 1516 साली हुकूमच काढला होता, बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी याखेरीज काही घालायचं नाही. त्या ड्यूकला आमच्या शेजारणीची बादली दाखवली असती, तर तिला तुरुंगात नाही तरी किमान वर्गाबाहेर उभं केलं असतं. जवाचा दाणा नाही, हॉप्सचं फूल नाही आणि नाव बिअर! आता वनस्पतिशास्त्रवाले म्हणतील की हॉप्स आणि नेटल लांबचे भाऊबंद आहेत, एकाच गणातले. असतील. त्याच गणात भांगेचं झाडही येतं आणि हॉप्सशी तर त्याचं सख्खं गोत्र. अशा घराण्याचा दाखला देऊन कुणाची अब्रू वाढते का?

नावावरून या देशात केवढाली प्रकरणं झालीत. एल्डरच्या फुलांचं फसफसणारं सरबत, बिनअल्कोहोलचं, ‘एल्डरफ्लॉवर शॅम्पेन’ म्हणून इथे विकलं जायचं. फ्रान्समधली तेत्तांज्ये ही शॅम्पेनवाली मंडळी थेट कोर्टात आली आणि 1993 मध्ये अपील कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला: शॅम्पेन म्हणायचं नाही. काय तो मान! आणि बिअरचं कुणी विचारतं का? बिअर बिचारी गरिबाघरची लेक, जो येतो तो तिचं नाव लावतो. आल्याची बिअर, डँडेलियनची बिअर आणि आता ही.

बरं, हे नवीन आहे म्हणावं तर तेही नाही. माझा खरा राग इथेच आहे. मला वाटलं होतं हे सगळं 2020 च्या टाळेबंदीचं पाप. तेव्हा दुकानात कणीक-मैदा मिळेनासा झाला होता आणि घरोघर लोक आंबवणाच्या बरण्यांना नावं ठेवून पाळायला लागले होते. ती माणसं मोकळी सुटल्यावर दुसरं काय करणार? पण शेजारणीनं फळीवरचं जाड पुस्तक काढून दाखवलं. मॉड ग्रीव्ह नावाच्या बाईंचं, 1931 चं, ‘अ मॉडर्न हर्बल’. त्यात नेटलची बिअर आहेच, सोबत डँडेलियन आणि ठेचलेलं आलं. खेड्यातले लोक म्हाताऱ्या माणसांना सांधेदुखी आणि गाऊटवर ही द्यायचे, असंही त्या लिहितात. आणि यीस्ट कसं घालायचं म्हणता? भाजलेल्या पावाच्या तुकड्यावर माखायचं आणि तो टोस्ट कोमट काढ्यावर तरंगत सोडायचा! गणपतीचं विसर्जन करावं तसा. मी ते चित्र दोन दिवस डोळ्यांसमोरून घालवू शकले नाही.

पेप्सच्या रोजनिशीतही 1661 च्या फेब्रुवारीत नेटलची लापशी खाल्ल्याची नोंद आहे आणि आवडल्याचीसुद्धा. म्हणजे लंडनमधला सरकारी अधिकारी माणूस, तोही यातून सुटला नाही. खाण्याचं म्हणाल तर आमच्या या खोऱ्याचा लौकिक काही बोलू नका. इथून पुढच्याच गावात, मायथमरॉइडला, 1971 पासून डॉक पुडिंगची जागतिक स्पर्धा भरते. जागतिक, म्हणजे खोऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ते पुडिंग नेटल, ओट्स, कांदा आणि डॉकच्या पानांचं. आणि ही डॉक म्हणजे हातावर चोळायची ती नव्हेच, बिस्टॉर्ट नावाची तिसरीच! या देशात भाज्यासुद्धा खोट्या नावानं वावरतात. कॉर्नवॉलमध्ये नेटलच्या पानात गुंडाळलेलं एक चीज मिळतं, त्याचं नाव ‘यार्ग’. मला वाटलं काहीतरी प्राचीन केल्टिक. चौकशी केली तर ते सुरुवातीला बनवणाऱ्या जोडप्याचं आडनाव ‘ग्रे’, ते उलटं लिहिलं. आपण ‘लेले’ असतो तर पंचाईत झाली असती.

डॉर्सेटची गोष्ट तर कानात सांगण्यासारखी. 1986 साली तिथल्या एका गावठी पबमध्ये दोन शेतकऱ्यांत वाद झाला, कुणाच्या शेतातलं नेटल जास्त उंच. त्यातला एक तावातावानं म्हणाला, माझ्यापेक्षा उंच आणलंत तर मी ते खाऊन दाखवीन. आणि खाल्लं. कच्चं! त्यातून पुढे नेटल खाण्याची जागतिक स्पर्धाच सुरू झाली. दोन-दोन फुटांच्या काड्या देतात, एका तासात जितकी पानं खाल तितकी खायची आणि मग उघड्या काड्या एकापुढे एक ठेवून फुटपट्टीनं मोजायच्या. जिभा काळ्या पडतात म्हणे. आपल्याकडे पैज मारून जिलब्या खायचे लोक. निदान त्यात गोडवा तरी होता.

असो. तर आम्ही लीड्सच्या आसपासच्या आठ-दहा मराठी बायका महिन्यातून एकदा जमतो. हळदीकुंकू, भिशी, दिवाळीची कुपनं, सगळं त्याच खोलीत. मेच्या पहिल्या रविवारी मी हा विषय काढला. मला वाटलं, सगळ्या एकदम “अगंबाई!” म्हणतील. नागपूरच्या वहिनी म्हणाल्या, “अल्कोहोल असतं का हो त्यात?” मी म्हटलं, साखर पुरती आंबली तर पाच-सहा टक्क्यांपर्यंत जातं, लवकर प्यालं तर कमी. वहिनी म्हणाल्या, “मग काय, मोहाच्या मानानं अगदी साबुदाण्याची खिचडीच.” आणि बाकीच्या हसल्या! मला सांगा, याला काय म्हणावं?

मग ठाण्याच्या एक आजी, मुलीकडे आलेल्या, गप्प बसून कैरीचं पन्हं पीत होत्या, त्या म्हणाल्या, “खाजरं खाऊ नये म्हणतेस, आणि अळूची भाजी काय गुलाबजाम आहे का? चिंच कशाला घालतेस तीत?” मी म्हटलं, आजी, ते वेगळं. “बरं, मग शेवळं?” आता शेवळांवर काय बोलणार? पहिल्या पावसात जमिनीतून वर येणारी ती शेवळं, घशाला अशी खाज सुटते की माणूस खोकून खोकून रडतं, आणि ती खाज मारायला सोबत काकडं हवीतच. बाजारात दोन्ही एकाच पाटीत मिळतात, विष आणि उतारा एकाच भावात. आम्ही मराठी माणसं खाजऱ्या पाल्यावर चिंच-काकडं-कोकम ओतून तो खातो, आणि वर्षातून एकदा मिळाला नाही तर पुण्याच्या मंडईतून फोन करून मागवतो. म्हणजे आम्ही नाक मुरडायचं तरी कशाच्या जोरावर?

मी तरी मुरडलं. कुणीतरी मुरडायला हवं ना?

कायद्याचं मात्र मला खरंच ठाऊक नव्हतं, आणि ते कळल्यावर माझा पारा चढला. या देशात घरच्या घरी बिअर करायला परवाना लागायचा. 1880 साली पंतप्रधान ग्लॅडस्टननं माल्टवरचा कर काढून बिअरवर लावला आणि घरगुती भट्टीवाल्यांना परवान्याखाली आणलं. पुढची त्र्याऐंशी वर्षं घरच्या बादलीवर सरकारचा डोळा. 1963 च्या अर्थसंकल्पात रेजिनल्ड मॉडलिंग या अर्थमंत्र्यानं तो परवाना रद्द केला आणि तेव्हापासून स्वतःसाठी, आल्यागेल्यासाठी हवी तेवढी करा, फक्त विकायची नाही. पाल्याचंही तसंच. 1968 च्या चोरीविषयीच्या कायद्यात स्पष्ट आहे, रानात आपोआप उगवलेल्या झाडाचं पान-फूल-फळ विकण्यासाठी नसेल तर खुडणं ही चोरी नव्हे. मुळासकट उपटायचं असेल तर मात्र 1981 च्या कायद्यानुसार जमिनीच्या मालकाची परवानगी हवी. शेजारीण हे सगळं सांगताना अशी फुलली होती की जणू मॉडलिंग तिचा मावसभाऊ.

मी तिला म्हटलं, माझं माहेर पेणचं. जुना कुलाबा जिल्हा. तिला कुलाबा नकाशावर सापडतो, भूगोल पक्का आहे. म्हटलं, 1892 साली तुमच्याच सरकारनं मुंबई इलाख्यात मोहाचा कायदा केला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करून साठवायला बंदी. दारू नव्हे हो, फुलं! झाडाखाली आपोआप पडलेली, कातकऱ्याच्या पोरांनी भुकेला वेचून खायची, सुकवून भाकरीत मिसळायची फुलं. का, तर घरात फुलं असली की लोक घरची दारू गाळतात, मग सरकारी भट्टीची अबकारी बुडते. तुमच्या गावात तुम्हाला परवाना तरी मिळायचा, आमच्या रानात फूल उचललं की गुन्हा. आणि आता तुम्ही कालव्याकाठी हातमोजे घालून वेचता आणि त्याला छंद म्हणता!

बाई थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग उठून तिनं दोन पेले आणले आणि बाटलीचं झाकण उघडलं. ही तिची पद्धत. उत्तर नसलं की पेला पुढे करायचा. मी बहुधा वाजवीपेक्षा जास्त बोलले होते. ती काही ग्लॅडस्टन नव्हे. म्हणून केवळ तिचं मन राखायला मी एक घोट घेतला.

फिकट सोनेरी, किंचित हिरव्याकडे झुकणारी. आधी लिंबू, मग आलं, मग मागाहून ते ओलं रान. फेस बारीक, जिभेवर टोचणारा. डंख गेला म्हणतात, पण गंमत ही की तो कुठेतरी शिल्लक असल्यासारखा वाटतो.

दुसरा घोट खात्री करायला घेतला.

आता इथून पुढचं जरा हळू आवाजात. आमच्याकडे एक बादली होतीच. इडलीच्या पिठाला मोठी व्हायची, म्हणून पडून होती. लिंबं घरात होती. आलं तर आपल्या घरात नसतं कधी? फुकटच्या पाल्यासाठी फार काही लागलं नाही. म्हणजे जाड हातमोजे घेतले, मलमलचं कापड घेतलं, गोडी मोजायची काचेची नळी घेतली, घट्ट झाकणाच्या तारवाल्या बारा बाटल्या घेतल्या. सगळ्यांची बेरीज आमच्या ह्यांना सांगितलेली नाही. तेवढ्यात वाइन शॉपातल्या चांगल्या बिअरचे दोन क्रेट आले असते. पण तत्त्वाचा प्रश्न होता. मोहाचा कायदा मला झोपू देत नव्हता.

नेमक्या त्याच आठवड्यात सासूबाई आल्या. तीन महिन्यांसाठी. सामानात मेतकूट, कुळथाचं पीठ, सांडगे आणि त्यांच्या द्राक्षासवाच्या दोन बाटल्या. दोन्ही वेळच्या जेवणानंतर दोन चमचे, समभाग पाणी घालून, गेली तीस वर्षं. घरात दारूचा थेंब आलेला त्यांना चालत नाही. दिराच्या लग्नात कुणीतरी जीपमध्ये बाटली आणली होती, त्या माणसाशी त्या अजून बोलत नाहीत. मी घाईघाईनं सगळं नेऊन ठेवलं, कुठे सांगू? टॉवेलांच्या कपाटात.

आणि आता मला सांगा, ही आसवं-अरिष्टं असतात काय? लेबलावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतंच, स्वयंनिर्मित अल्कोहोल. पाच ते दहा टक्के! गूळ घालायचा, धायटीची फुलं घालायची, तोंड बंद करून महिनाभर ठेवायचं. ती धायटी म्हणजे आपल्या सह्याद्रीत लाल फुलांनी पेटलेली असते तीच. तिच्या फुलांवरचं यीस्ट ते काम करतं, मिसेस ग्रीव्हच्या टोस्टचं. कच्च्या औषधीचं केलं तर आसव, आधी काढा उकळून केलं तर अरिष्ट. म्हणजे शास्त्रानं बघितलं तर आमच्या शेजारणीची बादली बिअर नव्हेच, ते नेटलारिष्ट आहे! बाळंतिणीला आपण दशमूलारिष्ट देतो आणि ती सोवळी. शेजारीण सांधेदुखीला नेटलारिष्ट घेते आणि ती बेवडी. हा विचार मला त्या कपाटाशी उभं राहून सुचला आणि इतका बरा वाटला की मी आणखी दोन बाटल्यांची साखर थोडी वाढवली.

इथे चुकलं.

बाटलीत भरल्यावरही यीस्ट थांबत नाही. उरलेली साखर खात राहतं, वायू सोडत राहतं, आणि वायूला जायला जागा नसते. म्हणून शहाणी माणसं आधी बादलीतलं आंबणं निवू देतात. किंवा सोडावॉटरच्या प्लास्टिकच्या बाटल्या वापरतात, दाबून बघितली की कळतं किती ताठ झालीय, झाकण जरा सैल करायचं. काचेच्या भरल्याच तर थंड जागी ठेवायच्या, आठवडाभरात प्यायच्या आणि रोज एकदा झाकण उचलून उसासा सोडू द्यायचा. शेजारणीनं हे सगळं सांगितलं होतं. पण सासूबाईंसमोर रोज टॉवेलांच्या कपाटात डोकं घालून कुणी किती वेळ उभं राहावं?

बुधवारी रात्री दीड वाजता पहिली फुटली. आमचे हे बिछान्यात ताठ उठून बसले, “गॅस! गॅस!” करत. दुसरी तिच्या पाठोपाठ. कपाटाचं दार धाडकन उघडलं आणि चादरी, टॉवेल, माझ्या लग्नातला एक शालूसुद्धा (तिथे का होता विचारू नका) सगळ्यावर फेसाची धार. काचा, लिंबाची फोड, आणि तो वास, ओल्या रानाचा, अख्ख्या जिन्यात. काचेला हात लावू नका म्हणून मी ओरडत होते. शेजारणीच्या खिडकीत दिवा लागला. अंगावर गाऊन चढवून बाई दारात हजर, हातात तेच पिवळे मोजे. एक बाटली घट्ट जाड टॉवेलात गुंडाळून तिनं हळूच तार सैल केली, दुसरी केली, तिसरी. सर्पमित्र घोणस पकडतात तशी.

आणि जिन्याच्या वर सासूबाई. अंबाडा सुटलेला, चष्मा हातात. मी म्हटलं, झालं. आता पुढचं विमान पकडून परत जातील, आणि पेणला, पनवेलला, पार्ल्याला सगळीकडे कळेल.

त्यांनी चष्मा लावला. भिंतीवरून ओघळणाऱ्या थेंबाला बोट लावलं, वास घेतला, जिभेला लावलं.

“कसलं अरिष्ट हे?”

मी म्हटलं, “आई... इथल्या एका पाल्याचं. सांधेदुखीवर देतात.”

“हं.” पुन्हा एकदा बोट. “धायटी नाही वाटतं घातलीस. आणि साखरेचं का केलंस? गुळाचं करायचं.”

मग खाली उतरल्या आणि वाचलेल्या बाटलीतलं दोन चमचे, समभाग पाणी घालून, उभ्याउभ्याच घेतलं. शेजारणीलाही दिलं, तेवढंच, त्याच चमच्यानं मोजून. त्या बाईनं जन्मात कधी बिअर चमच्यानं घेतली नसेल, पण निमूट घेतली.

गुरुवारी सकाळी मी काचा गोळा करून खाली आले तर घरात सासूबाई नाहीत. आमचे हे घाबरे होऊन फोन शोधायला लागले. मी खिडकीतून बघितलं. कालव्याच्या काठी दोन म्हाताऱ्या, एक वाकलेली, एक उभी. एकीला मराठी येत नाही, दुसरीला इंग्रजी नाही. सासूबाईंनी माझे नवे जाड हातमोजे घातले होते, नऊवारीचा काष्टा वर खोचलेला, आणि शेजारीण हातानं कुत्र्याची उंची दाखवत होती. सासूबाईंनी मान डोलावली आणि पेणच्या बाजारात पालेभाजीवालीला ऐकवतात तशा थाटात कोवळ्याहून कोवळा शेंडा निवडून तिच्या पिशवीतला एक जून शेंडा बाहेर फेकून दिला.